तीस मीटर दोर

शनिवार-रविवार गाठून कळसूबाईला जायचा प्लॅन आखणारा माणूस जालन्यात गल्लोगल्ली आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. सळईच्या पेढीवर, बियाण्यांच्या कंपनीत, शाळेत की बँकेत, तो नोकरीला कुठेही असो, त्याचा खरा हुद्दा ग्रुप अ‍ॅडमिन हाच. माझं म्हणणं एवढंच की या माणसाला कळसूबाईला जायचंच नसतं. आरोप गंभीर आहे, म्हणून पुराव्यानिशी मांडतो. पहिला पुरावा दोराचा. त्याच्या यादीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, टॉर्च आणि गुडघ्याचा पट्टा या सगळ्यांच्या वर 'दोर, तीस मीटर' असं लिहिलेलं असतं. कळसूबाईला दोर लागत नाही. बारी गावातून निघणारी वाट चांगली मळलेली आहे, कडा उभा होतो तिथे लोखंडी शिड्या ठोकलेल्या आहेत आणि नवरात्रात आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या त्याच शिड्या चढून देवीचं दर्शन घेऊन येतात. हे त्याला सांगितलं की तो कीव आल्यासारखा बघतो आणि विचारतो, "अन् शिडी तुटली तर?" झालं! चर्चा शिखरावरून घसरून दोरावर येते. नायलॉनचा घ्यायचा की सुती, जाडी किती, वर्गणीतून घेतला तर नंतर ठेवायचा कोणाकडे. 1646 मीटर उंचीचा डोंगर बाजूला पडतो आणि ग्रुप तीस मीटरांत गुंततो.

दुसरा पुरावा रस्त्याचा. पूर्वी त्याच्याकडे अंतराची सबब होती आणि ती खोटी नव्हती. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने नाशिकरोडला अवेळी उतरायचं, तिथून घोटी, घोटीहून मिळेल त्या जीपने बारी, आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर. मग 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. तो म्हणाला, पुढचा टप्पा होऊ द्या. मे 2023 मध्ये रस्ता भरवीरला, म्हणजे पार घोटीच्या तोंडाशी आला. तो म्हणाला, इगतपुरीपर्यंत होऊ द्या. मार्च 2024 मध्ये तेही झालं आणि त्याआधी डिसेंबरात जालन्याहून वंदे भारतही सुटली. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस आता दुपारच्या जेवणाला पायथ्याशी असतो. सरकारने एवढा खर्च करून सबब काढून घेतली, तर याने यादी वाढवली. समृद्धीवर टायर फुटतात, सबब नायट्रोजन भरून घ्यावा, आणि गाडी ओढायची वेळ आलीच तर दोर आहेच.

यावर त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील की डोंगर तो डोंगर, तयारी नको का? हवीच. पावसाळ्यातल्या रविवारी त्या शिड्यांवर रांग लागते, दगड निसरडे होतात, धुक्यात पुढचं दिसत नाही. तिथे बेफिकिरी अंगाशी येते. पण उपयोगाची तयारी चार ओळींत संपते: पहाटे निघा, पाणी पुरेसं घ्या, गर्दीचा रविवार टाळा, अंधाराच्या आत उतरा. त्याचा प्लॅन मात्र पत्रिका छापायला टाकल्यासारखा पुन्हा पुन्हा तपासला जातो आणि लग्न काही लागत नाही. दुसरा आक्षेप सुट्टीचा. बँकवाल्याला दुसरा आणि चौथा शनिवार, रोलिंग मिलमधल्याची सुट्टी पाळीवर, दुकानदाराला सुट्टीच नाही, आणि नळाला पाणी येणार तेही नेमकं रविवारी. खरं आहे. पण याच मंडळींना परभणीला मंगळवारच्या लग्नाला जाताना सुट्टी मिळते, आणि नळाचं पाणी शेजारी भरून ठेवतात. माझा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र अंगारकीचा. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पंचवीसेक किलोमीटर चालत जाणाऱ्यांत हे सगळे असतात. ना ग्रुप, ना वर्गणी, ना यादी. रात्री चप्पल पायात अडकवायची आणि निघायचं. ती भक्ती आहे, तिची तुलना सहलीशी कशी, असं कोणी विचारेल. तर कळसूबाईच्या माथ्यावरही देवीचंच देऊळ आहे, आणि भक्ती पंचवीस किलोमीटर चालवते तर शिड्याही चढवेल. फरक इतकाच की राजूरच्या वाटेचा प्लॅन कोणी केलेला नाही.

मग त्या प्लॅनचं प्रयोजन काय? इथे मला नाइलाजाने त्याच्या बाजूला यावं लागतं. त्याची यादी नीट वाचली तर सामानाखाली माणसं दिसतात. कोणाला मागच्या सीटवर उलटी होते, कोणाची थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते, कोणाच्या मुलीची बारावी आहे म्हणून फेब्रुवारी नको, हे सगळं त्याला पाठ. अकरा नावांतली पाच पुण्याला गेलेली, दोन मुंबईला. जालन्यात त्यांचं आता घर असलं तरी बहुधा भाड्याने दिलेलं. त्यांना फोन करायला एरवी निमित्त राहिलेलं नाही. सहज फोन केला तर समोरचा आधी घाबरून विचारतो, "काय झालं?" कळसूबाईसाठी केला की शिव्या घालतो, हसतो आणि "मी आहे, पकड मला" म्हणतो. प्रत्यक्ष निघाले तर अकरापैकी चार येतील आणि उरलेल्या सातांचं न येणं जाहीर होईल, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. प्लॅनमध्ये अजून अकराही जण येतात. तारीख पुढे ढकलली की एकाचंही नाव कापावं लागत नाही. प्लॅनमध्ये सगळ्यांचे गुडघे शाबूत आहेत, आणि गुडघ्याचा पट्टा यादीत कोणासाठी आहे हे कोणी विचारत नाही.

दोर मात्र खरंच विकत आणलेला असतो. वर्षभर गच्चीवर त्याच्यावर गोधड्या वाळतात, आणि या सगळ्या उपद्व्यापातून घरी आलेली कामाची वस्तू ती एवढीच, असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दरम्यान घरातलाच एखादा पुतण्या शुक्रवारी रात्री मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून जातो आणि शनिवारी देवळासमोरचा फोटो टाकतो. पायात साधी चप्पल, हातात वेफर्सचं पाकीट. याचा मत्सर वाटावा, पण त्याला वाटत नाही. तो फोटो मोठा करून मागच्या शिडीचे बोल्ट बघतो, अंगठा दाखवतो आणि रात्री ग्रुपचं नाव बदलतो. आता साल्हेर. 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेला किल्ला आहे, म्हणजे रस्ता होणारच. आणि उंची 1567 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा एकोणऐंशी मीटरनी सोपा. कोण कोण येणार, हात वर करा. पुण्याहून पाच हात ताबडतोब वर होतात.