‘एकहाती, डॉक्टरांची गाडी’ विकणाऱ्या शेठना खुले पत्र

प्रति,
जुन्या आलिशान गाड्यांचे माननीय शेठ,
हायवेलगतचं काचेचं दुकान.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. मी गॅरेजवाला माणूस. तुम्ही गाडी विकता, गिऱ्हाईक पेढे वाटतं, बॉनेटवरचा हार सुकतो आणि मग टोचन करून ती गाडी माझ्या दारात येते. लेकीच्या कॉलेजची फी तुमच्या ‘शोरूम कंडिशन’वर निघाली, हे नाकारून कसं चालेल? पण फीबरोबर शिव्याही माझ्याच वाट्याला येतात, म्हणून हे जाहीर पत्र.

आधी तुमच्या डॉक्टरांविषयी. ‘एकहाती, डॉक्टरांची, कंपनी मेंटेन, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल.’ महाराष्ट्रातले एवढे डॉक्टर जर्मन सेडान बाळगून आहेत आणि बारा वर्षांत त्यातला एकही साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेलेला नाही. व्हिजिटला पायी जात असावेत. फक्त ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत कसं झालं आणि ड्रायव्हर सीटची कड कशी फाटली, ते त्यांना विचारून सांगा. मीटर मागे घ्यायला लॅपटॉपवाला पोरगा येतो ना, त्याला चार पैसे जास्त द्या. काही गाड्यांची चावीसुद्धा किलोमीटर लक्षात ठेवते. तो घाईत चावी विसरतो आणि माझ्या स्कॅनरवर डॉक्टरसाहेबांचं बिंग फुटतं.

‘नव्या स्विफ्टच्या पैशात मर्सिडीज!’ ही तुमची पाटी मला फार आवडते. खोटं काहीच नाही तिच्यात. साठ लाखांची गाडी आठ लाखांवर येते, हे खरंच. तिचा पार्ट मात्र अजून साठ लाखांच्याच गाडीचा असतो, एवढी ओळ पाटीवर मावली नसावी. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पार्टची दरवर्षी चढते. तुम्ही नेमके या दोन रेघांच्या मधे खुर्ची टाकून बसला आहात.

आता एअर सस्पेन्शन. यात स्प्रिंगच्या जागी हवेने फुगलेले रबराचे फुगे असतात. रबर म्हणजे रबर. ऊन, धूळ आणि आपले स्पीडब्रेकर खाऊन दहा वर्षांत त्याला चिरा पडतात. हवा हळूहळू सुटते आणि रात्री ऐटीत उभी केलेली गाडी सकाळी म्हशीसारखी पुढच्या गुडघ्यांवर बसलेली सापडते. मालक चावी फिरवतो, कॉम्प्रेसर घरघर करत तिला उठवतो. गळती चालूच असल्यामुळे कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, मग तोही जळतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात एका कोपऱ्याचा खर्च लाखाच्या घरात जातो, आणि गाडीला कोपरे चार. तुम्हाला हे पुरतं ठाऊक आहे, नाहीतर गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास तुमचा पोरगा गाडी चालू करून कशाला ठेवेल? गाडी उठलेली, इंजिन गरम, एसी गार, आणि स्कॅनरने पुसलेले सगळे एरर अजून परतायचे असतात.

पावसाळ्याचं कौतुक वेगळंच. सनरूफच्या कडेला पाणी काढून देणाऱ्या बारीक नळ्या असतात. पार्किंगच्या झाडाचा पाचोळा त्यात अडकला की पाणी गालिच्याखाली उतरतं. तिथे किंवा डिकीच्या तळाशी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवलेली असतात. एक ओलं झालं की काचा आपोआप खाली येतात, म्युझिक मुकं होतं, डॅशबोर्डवर गणपतीतली रोषणाई सुरू होते. पाचोळा फुकटचा, मोड्यूल हजारोंचं, वर त्याचं कोडिंग वेगळं.

बाकीचं तुम्हाला तोंडपाठ आहे. बीएमडब्ल्यूच्या २००७ पासूनच्या एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला. तिला नीट हात घालायचा तर आधी गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवा. गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ असल्याचं तुम्ही छातीठोकपणे सांगता. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदला म्हणते. लाइफटाइम कोणाचा, गाडीचा की तुमच्या गॅरंटीचा? २००३ च्या सुमाराच्या ई-क्लासमध्ये तर ब्रेक किती वेळा दाबला हे मोजणारा पंप होता. आकडा भरला की दिवा लागायचा. त्या पंपाइतका हिशेबी मला फक्त एक माणूस माहीत आहे.

‘विमा आहे ना!’ असं म्हणत तुम्ही गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारता. झिजून बिघडलेल्याला विमा एक पैसा देत नाही. अपघात झाला तरी साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि तो माफ करणारी झीरो डेप पॉलिसी एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

आणि ती दिल्लीची आवक! हरित लवादाने २०१५ मध्ये तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायला सांगितलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं आणि तुमच्या आवारात हरियाणवी स्टिकर वाढले. एनओसी आणून इथलं पासिंग करताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, हे मात्र गिऱ्हाइकाला एजंटच्या तोंडून कळतं. १ एप्रिल २०२३ पासून तुमच्यासारख्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची किलोमीटरसकट नोंद ठेवावी लागते. उलटे फिरणारे किलोमीटर त्या नोंदीत कोणत्या रकान्यात लिहिता, तेवढं कळवा.

खरी तक्रार पुढेच आहे, शेठ. आठ लाख घेऊन तुम्ही हात जोडता, तेव्हा तुम्ही देवमाणूस. तीन लाखांचं एस्टिमेट मी हातात ठेवतो, तेव्हा मी लुटारू. नोकरीतली बचत मोडून आलेला माणूस माझ्या बाकड्यावर बसून बायकोला फोन करतो, आकडा अर्धाच सांगतो आणि राग माझ्यावर काढतो. तुमचा नंबर तोवर ‘स्विच ऑफ’ असतो.

मागणं फार नाही. टोकन घ्यायच्या आदल्या रात्री गाडी बंद ठेवा. सकाळी थंड इंजिन गिऱ्हाइकासमोर चालू करा. मग ती त्याने आणलेल्या मिस्त्रीच्या लिफ्टवर आणि स्कॅनरवर तासभर जाऊ द्या.

वाचकहो, शेठ यातल्या एकालाही नाही म्हणाले, तर टोकन देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

आपला कृपाभिलाषी,
एक गॅरेजवाला