वईपलीकडची बंदूक

"मास्तर, भाच्याचा फोन आला होता म्हणे रात्री?"

फोन रात्री आला हे आबांना कसं कळलं, असं विचारायचं नसतं. त्यांचं स्वयंपाकघर आमच्या पडवीला लागून आहे आणि काकींचे कान तिखट आहेत. चिंचणीत आमच्या दोन आवारांमध्ये मेंदीची वई आहे, छातीएवढी. तिच्यावरून अळूची पानं, विरजणाचं दही, कालचा पेपर आणि गावभरच्या बातम्या इकडून तिकडं होतात. त्या दिवशी बंदूक गेली.

"बंदूक घेतोय तो," मी म्हणालो.

आबांच्या हातातला पाण्याचा पाइप अनंताच्या झाडावरून घसरून त्यांच्याच चपलेवर आला. "तो? झुरळ निघालं की आईला हाक मारायचा, तोच ना?"

तोच. आता कोलोरॅडोत डेन्व्हरला असतो. कचेरीतले मित्र दर ऑक्टोबरात डोंगरात एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. परवाने सोडतीनं निघतात, अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला, आणि मित्रांनी याला सांगून ठेवलंय की तिकडं पाचशे-सहाशे मीटरवरून नेम धरावा लागतो, तेव्हा रायफल तशी घे. यानं तीन काडतुसांची नावं मला पाठवली. मी शाळेत विज्ञान शिकवलं, एवढ्या भांडवलावर. आबा मात्र फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांनी पाइप चालूच ठेवला आणि वईला रेलले. "सांगा नावं."

".३०० विनचेस्टर मॅग्नम, .३०८ आणि ६.५ क्रीडमूर."

"तिसरं कुठलं? आमच्या वेळी नव्हतं."

नसणारच. ते २००७ सालचं, मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी काढलेलं. गोळी बारीक आणि लांबोडकी, त्यामुळे हवा नीट कापते, वाऱ्यानं कमी भरकटते, आणि खांद्याला धक्काही बेताचा. .३०८ हे १९५२ सालचं. आबांनी जिच्यासोबत उमेदीची वर्षं काढली त्या एसएलआर रायफलीच्या ७.६२ काडतुसाचं ते नागरी भावंड, हे ऐकल्यावर म्हातारा एकदम खुलला. "मग विचारायचं काय त्यात? तेच घ्यायला सांगा."

"पण मित्र म्हणतात मॅग्नम घे. मोठं जनावर, मोठी गोळी."

"मित्रांचा खांदा आहे का याला?" आबांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. मॅग्नमचा धक्का त्या ६.५ च्या जवळजवळ दुप्पट. नवशिक्याला दोन बार झाले की तिसऱ्या बाराच्या आधी डोळे मिटतात, आणि चाप दाबायचा सोडून तो हिसकतो. आबांनी भरतीतली पोरं अशी शेकड्यानं पाहिली होती. त्यांच्याकडं इलाजही होता. पोराच्या नकळत रायफलीत रिकामं काडतूस भरायचं. बार होतच नाही, पण पोरगं दचकतं आणि नळी खाली जाते. "मग त्यालाच कळतं की चूक रायफलीची नव्हती."

मोठ्या गोळीचं हे वेड आपल्याकडंही जुनंच. पण ज्याच्या शिकारकथा मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या त्या जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बी. म्हणजे सात मिलिमीटरचं सडपातळ माउझर काडतूस. आणि कॉर्बेट जनावराच्या जवळ जायचा. सहाशे मीटरवरून वाघाला सलाम ठोकणाऱ्यातला तो नव्हे.

"आपल्याकडं काय मिळायचं हो?" मी विचारलं.

".३१५. इंग्रजांची मेहेरबानी." थ्री-नॉट-थ्री हे लष्कराचं काडतूस, ते रयतेच्या हाती नको, म्हणून नागरिकांना वेगळ्या बोअरच्या रायफली. साहेब गेला, नियम राहिला. .३१५ ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडत राहिली, तिचं काडतूस आमच्या पुण्याच्या खडकीत. पालघरच्या आतल्या गावांत तर परवान्याची असली तरी ठासणीचीच बंदूक, भाताची राखण करायला. तीस-चाळीस पावलांपलीकडं तिचा भरवसा तिच्या मालकालाही नसायचा.

"आणि लांब पल्ला म्हणजे काय, ते बघा." आबांनी पाइप कमरेजवळ धरून अगदी आडवा केला. धार सरळ निघाली आणि दहा-बारा फुटांवर वाकून मातीत पडली. "आता तुमचा हिशेब सांगा, मास्तर."

हिशेब सोपा आहे. नळी आडवी धरून सोडलेली गोळी आणि त्याच क्षणी हातातून सोडलेला खडा, दोघं सारख्याच वेगानं खाली येतात. .३०८ ची गोळी तीनशे मीटर जायला साधारण ०.४ सेकंद घेते. तेवढ्यात ती पाऊण मीटरहून थोडी जास्त पडते. सहाशे मीटरला सेकंदभर लागतो, कारण वाटेत तिचा वेग मंदावतो. एका सेकंदात पडणं जवळजवळ पाच मीटर. म्हणजे अंतर दुप्पट आणि पडणं सहापट. दुर्बिणीचे खटके फिरवून हे भरून काढता येतं, अंतर मोजायला लेझरचं यंत्र मिळतं, मान्य. पण सहाशेच्या जागी साडेसहाशे असलं तर गोळी अर्ध्या मीटरहून खाली. हरणाच्या छातीत जिथं गोळी बसली तर ते लवकर कोसळतं, ती जागा जेवणाच्या ताटलीएवढी. आणि त्या सेकंदात जनावर एक पाऊल पुढं टाकतं. मग गोळी लागते पोटात, आणि ते रात्रभर कुठंतरी झाडीत तडफडतं.

"आणि वारा राहिलाच," आबा म्हणाले.

तो राहिला नव्हता. दुपार कलली की समुद्राचा वारा सुटतो, तो तेवढ्यात आला. आबांची आडवी धार मधेच फाकली आणि तिचे थेंब थेट काकींच्या वलांडीवर.

"अहो! बोंबील!"

दोन दिवस सुकलेले बोंबील पुन्हा ओले झाले होते. त्यानंतरची पाच मिनिटं शिकारीचा विषय बंद होता. काकींनी आबांना जे सुनावलं त्यात नेमबाजीचा उल्लेख एकदाच आला, आणि तोही चांगल्या अर्थानं नव्हे. मी बोंबील आत न्यायला हात लावला. आबांनी नळ बंद केला. पुन्हा वईशी आले तेव्हा आवाज उतरला होता.

"त्याला एक विचारा. तिकडं ती केशरी जाकिटं घालतात ना?"

घालतात. कोलोरॅडोत रायफलीनं शिकार करायची तर भडक केशरी नाहीतर भडक गुलाबी कपडा अंगावर लागतोच, लांबून दिसेल एवढा. बोअर .२४ च्या खाली चालत नाही, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची, म्हणजे साडेपाच ग्रॅमची. आणि शिकाऱ्याच्या शिक्षणाचा दाखला नसेल तर सोडतीत नावच नाही.

"आपल्या मनोरला कुणी घातलं असतं तर..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. २०२५ च्या जानेवारीअखेरची ती गोष्ट इथं अजून दबक्या आवाजात निघते. मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल झाली, डुक्कर समजून गोळी सुटली, आणि पडला तो सोबतीचाच माणूस. घाबरून बाकीच्यांनी प्रकार दडपला, प्रेत झाडीत लपवलं. काही दिवसांनी पोलिसांना कळलं आणि अटका झाल्या. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदीच आहे. पिकांचा विध्वंस करणारी डुकरं मारायची तर वनखात्याची परवानगी लागते. पण खरं सांगायचं तर मला त्या प्रकरणात कायद्यापेक्षा अंतराचं जास्त वाटतं. तिथं सहाशे मीटर नव्हते. झाडीतलं जे काही होतं ते हाकेच्या टप्प्यात होतं. हाक कुणी मारली नाही.

"पोरांना नेमच हवा असेल," काकी बोंबलांची टोपली काखेला मारून बाहेर आल्या, "तर कोल्हापूरच्या त्या पोरासारखा कागदावर धरावा की."

काकींना बातम्या पाठ असतात. स्वप्नील कुसाळे, कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक. बोअर .२२, म्हणजे गोळ्यांच्या गोतावळ्यातलं शेंडेफळ. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही तऱ्हांनी. त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा. पन्नास मीटरवरून.

"बघा," आबा म्हणाले. "बटणाला पन्नास मीटर. आणि तुमचा भाचा ताटलीला सहाशे म्हणतोय."

मग त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी तो वईवर फोन टेकवून जसाच्या तसा टाइप केला. मॅग्नम विसर. .३०८ नाहीतर ६.५, दोन्हींतली जी हातात नीट बसेल ती. दुर्बिणीवर पैसे जास्त घाल, रायफलीवर कमी. विकत घेण्याआधी भाड्याची घेऊन चांदमारीवर जा. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून नव्हे, डोंगरात बसशील तसा जमिनीवर बसून, धाप लागलेली असताना, ताटलीवर पाच गोळ्या मार. पाचही ज्या अंतराला ताटलीत बसतील, तेवढाच तुझा लांब पल्ला. त्याच्या पुढं जनावर दिसलं तर फोटो काढ.

"आणि लिहा," काकी म्हणाल्या, "झाडीत हललं तर आधी हाक मार."

तेही लिहिलं.

उत्तर दोन आठवड्यांनी आलं. भाच्यानं .३०८ भाड्यानं घेऊन ताटलीवर गोळ्या मारल्या होत्या. दोनशे यार्डांवर पाचातल्या तीन आत, शंभरावर पाचही. मी वईशी जाऊन आबांना वाचून दाखवलं.

"म्हणजे शंभर यार्ड," आबा म्हणाले, आणि पाण्याचा पाइप वलांडीच्या उलट दिशेला धरला.