आकाशगंगेची उत्तर

(अंबरनाथ पश्चिम. मे महिन्याचा मध्य, रात्रीचे दहा. सोसायटीची गच्ची.)

चेअरमन : अरे, आकाशगंगा दाखवतो म्हणालास म्हणून गुडघे धरत चार मजले चढलो. कुठाय?

दुर्बिणवाला : काका, आत्ता नाही दिसायची. आत्ता तिचा उत्तर ध्रुव जवळजवळ डोक्यावर आलाय. तो माथ्यावर आला की पट्टा सगळीकडून क्षितिजाला टेकतो.

चेअरमन : म्हणजे आहे, पण समोरच्या टॉवरच्या मागे.

दुर्बिणवाला : टॉवरच्या, डोंगराच्या, एमआयडीसीच्या दिव्यांच्या. चहूकडे.

चेअरमन : बरं, ध्रुव तरी दाखव.

दुर्बिणवाला : ती पूर्वेकडची पिवळसर स्वाती, आणि पश्चिमेकडे कललेली उत्तरा फाल्गुनी. दोघींच्या मध्ये, जरा उत्तरेला सरकून. अरुंधतीकेशात.

चेअरमन : तिथं तर कोणीच नाही.

दुर्बिणवाला : ध्रुव आहे, ठळक तारा नाही.

चेअरमन : पोस्ट मंजूर, भरती नाही. पण आकाशगंगेला ध्रुव हवाच कशाला?

दुर्बिणवाला : ती चपटी तबकडी आहे ना! रुंदी लाखभर प्रकाशवर्षं, जाडी साधारण हजार. जाडीच्या मधोमध एक सपाट पातळी कल्पायची. तिला काटकोनात वर आणि खाली, असे दोन ध्रुव. तुम्ही सकाळच्या लोकलच्या डब्यात मधोमध उभे आहात समजा. पुढे बघितलं, मागे बघितलं, काय दिसतं?

चेअरमन : डोकी. आणि एकाची बॅग, माझ्या नाकावर.

दुर्बिणवाला : आणि वर बघितलं तर?

चेअरमन : पंखा. बंद.

दुर्बिणवाला : पण मोकळं! पातळीच्या दिशेनं बघितलं की तारेच तारे, शिवाय धूळ. केंद्र धनु राशीत आहे, 26 हजार प्रकाशवर्षांवर, पण धुळीपायी डोळ्यांना दिसत नाही. ध्रुवाकडे गर्दी विरळ, म्हणून त्या वाटेनं लांबलांबच्या दुसऱ्या दीर्घिका दिसतात.

चेअरमन : आपल्याला बसायला मिळालंय की नाही?

दुर्बिणवाला : सूर्य बरोबर मध्यावर नाही, पातळीच्या किंचित उत्तरेला आहे.

चेअरमन : चौथी सीट. पण मला सांग, धुळीत काही दिसत नाही, तर पातळी आखली कशी?

दुर्बिणवाला : हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींनी. त्यांना धूळ अडवत नाही. 1951 साली त्या अमेरिकेत, हॉलंडमध्ये आणि सिडनीजवळ पॉट्स हिलला पकडल्या.

चेअरमन : आपल्याकडे असलं काही असेल तर पुण्याला.

दुर्बिणवाला : त्याच्याही आधी कल्याणला! पॉट्स हिलच्याच 32 तबकड्या खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी इकडे आणवल्या आणि 1965 साली कल्याणला रेडिओ दुर्बीण उभी केली. ती सूर्य बघायची.

चेअरमन : तबकड्या सेकंडहँड?

दुर्बिणवाला : हो, पण भेट मिळालेल्या.

चेअरमन : मग हरकत नाही. आता मुद्द्याचं. यातली उत्तर कुठली, हे कोणी ठरवलं?

दुर्बिणवाला : आंतरराष्ट्रीय खगोल संघानं, 1958 साली. पृथ्वीची उत्तर ज्या अंगाला, त्याच अंगाची आकाशगंगेची उत्तर.

चेअरमन : सोय बघितली.

दुर्बिणवाला : पण गोम अशी, की उत्तरेवरून पाहिलं तर पृथ्वी घड्याळाच्या उलट फिरते आणि आकाशगंगा घड्याळाप्रमाणे. फिरण्यावरून ठरवलं असतं, तर हा डोक्यावरचा ध्रुव दक्षिण झाला असता.

चेअरमन : हळू बोल! दुसऱ्या मजल्यावर वास्तुवाले राहतात. उद्या सकाळी भिंती पाडायचे अर्ज येतील.

दुर्बिणवाला : आकाशगंगेचा स्वयंपाकघराशी काही संबंध नाही, काका.

चेअरमन : ते तू त्यांना सांग. थांब, घड्याळाप्रमाणे म्हणजे उजवी प्रदक्षिणाच की! सूर्यही घालतो?

दुर्बिणवाला : तोही घालतो. एका फेरीला बावीस-तेवीस कोटी वर्षं.

चेअरमन : पूर्ण?

दुर्बिणवाला : पूर्ण. जन्मल्यापासून वीसेक झाल्या असतील.

चेअरमन : अरे देवा! आपल्या पूर्वेचं शिवमंदिर शके 982चं. तेव्हापासून गावाला माहीत आहे, शंकराची प्रदक्षिणा अर्धी, पिंडीवरच्या पाण्याची वाट, सोमसूत्र, ओलांडायचं नाही. आणि हा आपल्याला घेऊन वीस वेळा ओलांडून आला?

दुर्बिणवाला : काका, मधोमध शंकर नाही, कृष्णविवर आहे.

चेअरमन : काही का असेना. नळाला पाणी का येत नाही, ते आज कळलं.