वन बीएचकेतला वंशवृक्ष

उपनगरात साठी उलटलेल्या माणसाला हमखास दोन गोष्टी गाठतात: इमारतीचा पुनर्विकास आणि कुलवृत्तांत. आमच्या बोरिवलीच्या काकांना त्या एकदमच गाठल्या. एजंट भाड्याच्या घराचे फोटो दाखवत होता आणि काका विचारत होते, "पोटमाळा दिसत नाही. पूर्वज कुठे ठेवायचे?"

पूर्वज म्हणजे पत्र्याच्या दोन ट्रंका, वाळवीने निम्मी खाल्लेली दप्तरं, कोणाचं लग्न हे कोणालाच न सांगता येणारे लग्नातले फोटो आणि वंशवृक्षाची एक गुंडाळी. ती घरात उलगडत नाही. जिन्यात न्यावी लागते, मग दुसऱ्या मजल्यावरचे लोक मूळ पुरुषाला ओलांडून वर जातात. सुनेने रद्दीवाल्याला नुसता फोन लावला तरी काका दारात आडवे होतात.

या छंदाची सुरुवात सरदार शोधण्यापासून होते. आपलं कोणीतरी पानिपतावर पडलं असणार याची प्रत्येकाला खात्री असते. या हिशोबाने १७६१ साली एकट्या मुलुंड पूर्वेतूनच एक फौज गेली असावी. पुरावा हवा म्हणून माणूस मोडी शिकतो. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग खाली अक्षरं टांगायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. चष्म्याचा नंबर वाढवून काकांनी लावलेला पहिला कागद निघाला पणजोबांच्या कर्जरोख्याचा, साक्षीला दोन भाऊ. दुसरा कागद त्याच दोन भावांनी पणजोबांवर लावलेल्या दाव्याचा.

मला विचाराल तर या छंदातली खरी मौज इथे आहे, आणि कुलसंमेलनाच्या स्मरणिकेत नेमकी हीच पानं गाळतात. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन सनदा तपासू लागलं, तेव्हा गावोगावच्या घराण्यांनी घाईघाईने कैफियती आणि वंशावळी लिहून दिल्या. खापरपणजोबांच्या प्रेमाने नव्हे, इनाम हातचं जाईल म्हणून. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायला बसली आणि मोडी वाचणाऱ्याला पुन्हा भाव आला. कोतवाल बुकं आणि शाळेची जनरल रजिस्टरं धूळ झटकून बाहेर पडली. आपल्याकडे पणजोबा आठवतात ते अर्ज भरताना.

ज्याने कर्ज काढलं नाही, बांध कोरला नाही, भावाला कोर्टात खेचलं नाही, त्या भल्या माणसाचा मात्र कुठे मागमूस लागत नाही. अपवाद नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांचा. तिथे यात्रेला कोण आलं आणि सोबत कोणाला आणलं, एवढंच. अशा वहीत पणजोबांची सही दिसली तेव्हा काका चक्क रडले. उपाध्यायांनी दक्षिणा सांगितल्यावर सावरले.

बायकांचं तर विचारूच नका. लग्नात माहेरचं आडनाव गेलं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही गेलं. वंशवृक्षात त्या नवऱ्याशेजारी कंसात बसतात. दोघी असतील तर 'प्रथम' आणि 'द्वितीय', रेल्वेच्या डब्यासारख्या. काकांनी नऊ पिढ्यांचे पुरुष तोंडपाठ केले आहेत. त्यांच्या सख्ख्या आजीचं माहेर कोणतं असं मी विचारलं, तर म्हणाले, "कोकणातलीच होती."

हे सांगू शकेल अशी एक व्यक्ती त्याच घरात, आतल्या खोलीत बसलेली असते. नव्वदीतली आत्या. तिला कोणी विचारत नाही, कारण ती मोडीत नाही.

तेव्हा वाचकहो, बिल्डरने तारीख दिली असेल तर एवढं करा. ट्रंका हलवण्याआधी फोटो घेऊन आत्याजवळ बसा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहा. बायकांची आधी, माहेरच्या आडनावासकट. पानिपत थांबेल.