काही होत नाही, साहेब

माझ्या गाडीच्या बॅटरीपासून पुढच्या सीटखाली ठेवलेल्या रेडिओपर्यंत वायरला चार मीटर जावं लागतं. एवढ्या चार मीटरसाठी मी पुण्यातले तीन ऑटो इलेक्ट्रिशियन गाठले. तिघांची दुकानं वेगळी, वयं वेगळी, तिघांनी सांगितलेले पैसेही वेगळे. वाक्य मात्र तिघांनी एकच ऐकवलं: "काही होत नाही, साहेब." माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओचा परवानाधारक. दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची परीक्षा दिली की हा परवाना आणि व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारं स्वतःचं कॉल-साइन मिळतं. घरी गच्चीवर अँटेना आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. गाडीत रेडिओ बसवायचं ठरवलं तेव्हापासून मात्र मी अस्वस्थ आहे.

आधी निवडीबद्दल सांगतो, कारण तिथेही लोकांनी मला सुखाने राहू दिलं नाही. "हातातला वॉकीटॉकी आहे की, तोच गाडीत धरून बोला," असं निदान दहा जणांनी सुचवलं. हातातला सेट पाच वॅटचा. त्याची रबरी अँटेना वीतभर. गाडीच्या पत्र्याच्या डब्यात बसून त्यावरून बोलणं म्हणजे बंद कपाटातून हाक मारणं. दुसरा पर्याय एचएफचा, म्हणजे लांब पल्ल्याचा. माझं मन तिकडेच ओढत होतं. पण ४० मीटर बँडवर पाव तरंगलांबीची अँटेना साडेदहा मीटर भरते. गाडीवर दोन-अडीच मीटरची काठी लावून उरलेली लांबी कॉइलने भरून काढावी लागते, आणि तुम्ही दिलेल्या शक्तीतला फार थोडा भाग हवेत जातो, बाकीची कॉइलमध्ये आणि गाडीखालच्या जमिनीत उष्णता होऊन संपते. शिवाय बॉनेट, दारं, डिकी, सायलेन्सरचा पाइप हे सगळं जाड पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचं. तेही मी करेन एक दिवस. पण रोजच्या वापराला मी दोन मीटर बँडचा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा, ५० वॅटचा सेट घेतला. त्याचा चेहरा मूळ डब्यापासून सुटा होतो. डबा सीटखाली आणि चेहरा समोर, असं बसवता येतं.

समोर म्हणजे कुठे, हा पुढचा प्रश्न. आजच्या गाडीच्या डॅशबोर्डवर तळहाताएवढी सपाट जागा शिल्लक नाही. मध्ये पडदा आहे, त्याखाली एसीच्या कळा, त्याखाली फोन ठेवायचा खळगा, आणि दोन सीटच्या मध्ये दोन पेले ठेवायची भोकं. ग्राहकाला एखादी वस्तू स्वतः बसवावीशी वाटेल, ही शक्यताच कोणी धरलेली नाही. पूर्वीच्या गाड्यांत कॅसेट प्लेअरच्या मापाचा चौकोन असायचा आणि तो निघायचाही. आता तो पडदा काढला तर एसी कसा चालवायचा हा प्रश्न पडतो.

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातल्या माणसाने मात्र पाच सेकंदांत जागा शोधली. शेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड. "इथे दोन स्क्रू मारतो, मस्त दिसेल." मी त्याला तिथली अक्षरं वाचायला लावली. तिथे एअरबॅग लिहिलं होतं. अपघातात ती पिशवी फुटून बाहेर येईल तेव्हा अर्धा किलोची ती वस्तू माझ्या बायकोच्या तोंडावर आदळेल. त्यावर तो म्हणाला, "एअरबॅग काय रोज उघडते का?" आणि मग ते वाक्य. अँटेनाची केबल तो काचेशेजारच्या खांबाच्या आवरणाखालून ओढणार होता. तिथेही पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते आणि तिच्या पुढून केबल नेली तर ती अडते. हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. शेवटी चेहरा पेल्याच्या भोकात बसणाऱ्या एका दांड्यावर आला. त्यामुळे चहा-कॉफीची सोय गेली आणि घरून वेगळी तक्रार आली. ती रास्त आहे, मी तिच्या बाजूने आहे.

डबा सीटखाली ठेवायचा तर तोही त्याने कार्पेटखाली सरकवला, "दिसणारसुद्धा नाही" म्हणून. हा सेट ५० वॅट बाहेर टाकताना बॅटरीतून बारा अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे आत जातात दीडशेहून अधिक वॅट. उरलेले शंभरएक वॅट उष्णतेच्या रूपाने त्या डब्यातच राहतात. म्हणून त्याला पाठीवर पन्हळी आणि पंखा दिलाय. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, लोकरी कार्पेटखाली, तो पंखा कुठली हवा ओढणार?

आता वायर. सगळे सिगरेट लायटरचं सॉकेट दाखवतात. लहान गाड्यांत त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा असतो आणि मागची वायर फोनच्या चार्जरला पुरेल एवढी. म्हणून वायर थेट बॅटरीवरून घ्यायची, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज लावायचा, आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्यातून ती रबरी ग्रोमेटमधून आत आणायची. फ्यूज बॅटरीजवळच का? तर पत्र्याच्या धारेवर घासून वायर उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्यातला करंट कोणीही थांबवू शकत नाही. बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. वायर लाल होते, आवरण पेटतं. पहिल्या इलेक्ट्रिशियनने फ्यूज रेडिओजवळ लावला, कारण "बदलायला सोपा पडतो". दुसऱ्याने लावलाच नाही.

तिसऱ्याने फ्यूज योग्य जागी लावला म्हणून मी खूश झालो. मग वायर पाहिली. दीड एमएमची. हिशेब त्याच्या दुकानातल्या वहीवर करून दाखवला. जायचे चार आणि यायचे चार, असे आठ मीटर. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीत बारा अँपिअरला एक व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच खर्च होतो. सहा एमएम घेतली तर जेमतेम पाव-एक व्होल्ट. रेडिओला १३.८ व्होल्ट हवेत आणि तो साधारण पावणेबारापर्यंत कमी चालवून घेतो. इंजिन चालू असताना ही चैन परवडते. इंजिन बंद करून बॅटरीवर बोलायची वेळ आली की बॅटरीच बारा-साडेबारावर असते, त्यातला एक वायर खाते, आणि बटण दाबून बोलायला लागलं की सेट मिटतो. तो म्हणाला, "इंजिन चालू ठेवायचं, साहेब."

सहा एमएमची वायर आणायला मी स्वतः तपकीर गल्लीत गेलो. तिथे घासून पाहायला ब्लेड नेलं होतं, आणि बरं झालं नेलं. पहिल्या दुकानातली "शुद्ध तांब्याची" वायर खरवडली तर आतून पांढरी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. दुकानदार शांतपणे म्हणाला, "करंट काय रंग बघून जातो का?" करंट रंग बघत नाही, धातू बघतो. हाताला हलकी लागेल ती वायर घेऊ नका, एवढं हा लेख वाचणाऱ्यांपैकी एकानेही लक्षात ठेवलं तरी माझा त्या दुपारचा राग वाया गेला नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट असते आणि ती मला कोणीही सांगितली नाही. बॅटरीच्या ऋण टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. किती वीज गेली, किती आली, हे तो मोजतो आणि त्यावरून गाडीचा संगणक चार्जिंग ठरवतो. आपली काळी वायर थेट टर्मिनलला लावली तर आपला खर्च त्या मापातून सुटतो. म्हणून ती सेन्सरच्या पलीकडे, जिथे बॅटरीची जाड काळी केबल बॉडीला मिळते तिथे, थिंबल लावून घट्ट करायची. हे मी गाडीच्या पुस्तिकेतल्या चित्रावरून आणि दोन रविवार बॉनेटखाली घालवून शोधलं.

अँटेनाबद्दल तर बोलू की नको असं होतं. दोन मीटर बँडची साधी पाव तरंगाची काडी सुमारे ४९ सेंटिमीटर. तिला चहूबाजूंनी पत्रा हवा, म्हणून सर्वांत उत्तम जागा टपाच्या मधोमध. नेमक्या त्या जागी आज काच आहे. सनरूफ. मुलं त्यातून डोकं काढतात आणि धूळ खातात. अँटेना मागे सरकली, डिकीच्या दाराच्या कडेला क्लॅम्पवर. तिथे क्लॅम्पचा स्क्रू रंग फोडून पत्र्यात टेकायला हवा, नाहीतर अँटेनाला अर्थिंग मिळत नाही. रंग फोडायला कोणी तयार नव्हतं. मी फोडला आणि वर गंज लागू नये म्हणून ग्रीस लावलं.

केबलवाल्याने टीव्हीची केबल देऊ केली. ती ७५ ओहमची, मला हवी ५० ओहमची. जोडणीचा कनेक्टर सोल्डर करायला पुरेसा तापणारा मोठा सोल्डरगन लागतो. त्याऐवजी तो पकडीने दाबून देणार होता. केबल आत घेताना तिला दाराच्या रबराआधी खाली झोल द्यावा लागतो, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलाच्या तळाशी थेंब होऊन गळतं. झोल दिला नाही तर पाणी केबलवरून चालत आत येतं. "दिसायला बरं दिसत नाही" म्हणून झोल ओढून सरळ केला गेला आणि जुलैत माझ्या डिकीत पाणी साठलं. स्टेपनीच्या खळग्यात. मी ते स्पंजने काढलं.

मग गोंगाट. सगळं नीट बसल्यावर पहिल्या संध्याकाळी सेट लावला तर खरखर. गाडी बंद केली तरी खरखर. एक एक वस्तू उपटत गेलो तेव्हा सापडलं. काचेवरचा डॅशकॅम आणि त्याचा स्वस्त चार्जर. बारा व्होल्टचे पाच करताना तो सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो आणि त्याची धूळ माझ्या बँडभर पसरते. त्याच्या वायरवर फेराइटची कडी अडकवली तेव्हा निम्मी गेली. निम्मी अजून आहे.

माणसांचंही सांगतो. सोसायटीचा पहारेकरी अँटेना पाहून मला पोलीस समजला आणि आठवडाभर सलाम करत होता. खरं समजल्यापासून तो गेट उशिरा उघडतो. गाडी पुसणारा मुलगा ओलं फडकं वाळायला अँटेनावर टांगतो. मी त्याला रागावलो नाही. त्याच्यासाठी एक हूक बसवून दिला. फडकं अजून अँटेनावरच असतं.

एवढा जीव का टाकतो, असं विचारतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल ठप्प झाले. लोक रात्रभर गाड्यांत अडकून होते आणि घरी काही कळवता येत नव्हतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ च्या भुजच्या भूकंपात हॅम मंडळी सेट घेऊन पोचली होती. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम भारती प्रसाद रेडिओच्याच कामासाठी अंदमानात होत्या आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांनी निरोप बाहेर पोचवले. अशा वेळी कुणाचा तरी सेट चालला म्हणून निरोप गेला. वायरीतला एक व्होल्ट, निसटलेलं थिंबल, पाणी शिरलेला कनेक्टर, हे सगळं त्याच रात्री आडवं येतं. एरवी ते लक्षातच येत नाही, आणि म्हणूनच "काही होत नाही" म्हणणारा वर्षभर बरोबर ठरत राहतो.

मागच्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली. बॅटरी बदलायची होती. संध्याकाळी न्यायला गेलो तर सेट सुरू होईना. काउंटरवरच्या तरुणाने सांगितलं की बॅटरीवर "एक्स्ट्रा वायर" होती, ती काढून ठेवली. मी ती परत लावायला सांगितली. दहा मिनिटांनी सेट लागला. बॉनेट उघडून पाहिलं तर फ्यूजचा होल्डर कापून टाकला होता, वायरीची दोन टोकं पीळ मारून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती.

"फ्यूज कुठे आहे?" मी विचारलं.

"तो लूज होता, डायरेक्ट केलंय," मेकॅनिक म्हणाला. "काही होत नाही, साहेब."

मी डिकी उघडली, १० नंबरचा पाना काढला आणि तिथेच, त्यांच्या अंगणात, काळी वायर सोडवायला सुरुवात केली.