सात गुणांची चित्रकला

दृश्यकलेचे अभ्यासक 'आधुनिक' आणि 'समकालीन' असा भेद करतात. विसाव्या शतकात परंपरेशी फारकत घेऊन रंग-रेषांचा नवा विचार करणारी कला ती स्थूलमानाने आधुनिक होय, तर आपल्या काळात घडणारी आणि कुंचल्यावर न थांबता भांडी, कोळसा, ध्वनी किंवा रिकामी खोली यांनाही माध्यम मानणारी कला ती समकालीन होय. भंडारा जिल्ह्यात मात्र याहून सुटसुटीत असा एक भेद रूढ आहे: दहावीआधीची चित्रकला आणि दहावीनंतरची चित्रकला. यांपैकी दुसरी सहसा आढळत नाही.

या अभावाचे मूळ शासकीय रेखाकला परीक्षांत शोधावे लागते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नावांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षांत स्मरणचित्र (समोर काहीही नसताना काढायची जत्रा अथवा बसथांबा), संकल्पचित्र (ठरावीक आकारांच्या आवर्तनातून साधलेली नक्षी) आणि अक्षरलेखन असे विषय असतात, आणि इंटरमीजिएटमध्ये अ श्रेणी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या दहावीच्या निकालात ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ गुणांची भर पडते. सौंदर्यानुभवाचे मूल्य नेमके किती, या प्रश्नापायी भरतमुनींपासून कांटपर्यंत अनेकांनी आयुष्ये वेचली. त्या बिचाऱ्यांपाशी हे कोष्टक नव्हते. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते आणि तिचा धनी धान, नोकरी, सोयरीक, प्लॉट या क्रमाने प्रौढ होतो.

अशा प्रौढाची कलेशी पुनर्भेट होते ती बहुधा किमतीच्या वाटेने. ऑगस्ट २०२३ मध्ये सय्यद हैदर रझा यांचे 'जेस्टेशन' हे चित्र मुंबईच्या लिलावात ५१.७५ कोटी रुपयांना गेले, ही बातमी मोबाइलवर येताच तो आकडा धानाच्या क्विंटलांत मोडून पाहिला जातो आणि उत्तर तुमसरच्या बाजार समितीत मावत नाही, असे ध्यानात येते. रझा कोणी परके नव्हेत. त्यांचा जन्म शेजारच्या मंडला मुलखातला आणि कलाशिक्षण नागपूरचे. त्यांच्या चित्रांतल्या सुविख्यात बिंदूचा उगमही शाळेतच सांगितला जातो: चंचल मुलाचे चित्त एकाग्र व्हावे म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला होता. (भिंतीवर ठिपका काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांस शाळेत बोलावण्याची प्रथा नंतरची असावी.) चित्र पुरते पाहून झाल्यावर रसिकाच्या तोंडून जे उद्गार निघतात, ते साऱ्या जिल्ह्यात जवळपास एकच असतात: "हे त आमचा पोट्टाबी काढते."

कलासमीक्षक या वाक्याला अडाणीपणाचे लक्षण मानतात, ते घाईचे आहे. आपल्या पोट्ट्याला जमेल ते आपल्यालाही जमेल, हे त्या वाक्याचे अनुक्त उत्तरपद असून, वीस-पंचवीस वर्षांत स्वतःच्या हाताविषयी त्या गृहस्थाने केलेले ते पहिलेच आशावादी विधान असते.

सुबोध गुप्ता यांच्याशी गाठ पडते तेव्हा मामला नाजूक होतो. बिहारात जन्मलेल्या या कलावंताने २००६ मध्ये स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी रचली आणि पुढे ती व्हेनिसच्या कालव्याकाठी मांडली गेली. अशा कलाकृतीला मांडणशिल्प म्हणतात; भंडाऱ्याच्या घरोघरी फळीवर गुंड, घागरी आणि पराती उतरंडीने लावण्याच्या कृतीला मात्र आवराआवर म्हणतात. पितळनगरी म्हणवणाऱ्या या शहराचे दुखणे त्याहून खोल आहे, कारण ज्या स्टीलने येथील पितळी भांड्यांचा धंदा बसवला, तेच स्टील परदेशी जाऊन मानसन्मान घेते आणि पितळ वरच्या फळीवर चिंचेची वाट पाहत बसते, हे कोणाही भंडारेकराला सहजी सोसण्याजोगे नाही.

प्रभाकर पाचपुते यांचे उदाहरण त्यामानाने दिलासा देणारे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा-खाणीच्या गावात १९८६ मध्ये जन्मलेल्या आणि खैरागडला शिल्पकला शिकलेल्या पाचपुत्यांनी खाणकामगारांचे जग कोळशानेच भिंतींवर रेखाटले. २०२१ मध्ये कार्डिफचे 'आर्टेस मुंडी' पारितोषिक अंतिम यादीतल्या सहाही कलावंतांना विभागून मिळाले, त्यांत ते होते. गावात जे निघते त्यानेच चित्र काढावे, हा धडा तुमसर तालुक्याला तंतोतंत लागू पडतो, कारण डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीज निघते. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलांत वापरले जाते, आणि फ्रान्समधील लास्को गुहेत हजारो वर्षांपूर्वी माणसाने प्राणी रंगवले, तेव्हा काळ्या रंगासाठी त्याने मँगनीजचीच खनिजे कुटली होती. थोडक्यात, जगातल्या एका अतिप्राचीन चित्रपरंपरेचा कच्चा माल तुमसरातून ट्रक भरभरून बाहेर जातो, आणि तुमसरकर त्याकडे फक्त रस्त्यावरची धूळ म्हणून पाहतो.

एवढे ज्ञान झाल्यावर प्रौढाचा हात शिवशिवू लागतो. पहिला कागद मात्र जुन्याच सवयीने भरतो: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, एक झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचे झाड. बोड्या, धानाच्या बांध्या, मोह आणि पळस यांच्यात उभी हयात गेलेल्या माणसाच्या हातून हे कोकण कसे उतरते, याचा उलगडा मानसशास्त्राने अद्याप केलेला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या कागदावर नारळ जाऊन बोडी येते. बोडीचे पाणी नेमके कोणत्या रंगाचे, हे ठरवताना जुन्या पेटीतला वाळून तडकलेला हिरवा कामाचा नाही, हे कळते, आणि तिन्हीसांजेला, ओळखीचे कोणी नसेल अशी वेळ साधून, तो स्टेशनरीच्या दुकानी जातो. दुकानदार नव्या जलरंगांची पेटी काउंटरवर ठेवतो आणि सहज विचारतो, "कितवीत आहे जी पोरगा?"

"आठवीत," पोरगा इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागलेला हा गृहस्थ सांगतो.

"मंग इलिमेंटरीले बसत असन," असे म्हणत दुकानदार आपणहून एक कंपासपेटीही त्याच्या पिशवीत टाकतो.