काढूनच टाकायचंय

"शेवटी काढूनच टाकायचंय ना!" हे आमच्या भाऊजींचं लाडकं वाक्य. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला ताईकडे गेलो होतो, तेव्हा पिकअप घ्यायच्या मोहिमेत मलाही शोरूममध्ये नेलं होतं. विकणारा पोरगा उत्साहाने टॅकोमा पिकअपची चढती भाजणी दाखवत होता: एसआर, एसआर-५, टीआरडी ऑफ-रोड आणि शेवटी झगझगीत टीआरडी प्रो. भाऊजी हात मागे बांधून सगळ्यांभोवती फिरले, एकेकीच्या चाकाला बुटाचं टोक लावून पाहिलं आणि सगळ्यात खालच्या एसआरपाशी येऊन थांबले. साधी लोखंडी चाकं? काढूनच टाकायचीत. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा? काढूनच टाकायच्यात. बंपर? तो तर पहिला काढायचाय. हा गृहस्थ गाडी घ्यायला आलाय की मोडीत घालायला, हे त्या पोराला कळेना.

तुम्ही म्हणाल, डोंबिवलीचा माणूस, काटकसर करणारच. पण भाऊजी कंजूष नाहीत. दुसऱ्याने पुरी केलेली वस्तू त्यांना सोसत नाही, एवढंच. नव्या फ्लॅटचा ताबा घेतल्या दिवशी बिल्डरच्या टाइल्स उखडणारे असतात ना, त्यातले ते. 'गाडी घेतली' असं ते कधी म्हणत नाहीत. 'गाडी बांधतोय' म्हणतात.

हिशेबही अगदीच खुळा नव्हे. टीआरडी प्रो एसआरच्या जवळपास दुप्पट किमतीला जाते. त्या पैशात फॉक्सचे शॉक येतात, तेहतीस इंची टायर येतात, चौदा इंची पडदा येतो आणि हादरे गिळणाऱ्या खास खुर्च्या येतात. "यातलं मला हवं ते मी निवडून बसवीन," भाऊजींचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी एक्सेलचा तक्ता केलाय. विंच, पोलादी बंपर, टपावरचा तंबू, फ्रिज, प्रत्येकाला वेगळा रंग. नाही ती फक्त बेरजेची ओळ. ताईने विचारलं तर म्हणाले, "अगं, आकडे अजून बदलतायत."

गोम अशी, की नटबोल्टाने बसतं ते काढता येतं, पण मुळात नसतं ते घालताना घाम फुटतो. इंजिन तेच २.४ लिटरचं टर्बो, पण एसआरमध्ये २२८ अश्वशक्ती देतं आणि लगेच वरच्या एसआर-५मध्ये २७८. "ट्यून करून घेऊ," भाऊजी म्हणाले. कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम होईल असा काही बदल इंजिनात करायचा, तर राज्याच्या हवा-मंडळाच्या मंजुरीचा क्रमांक लागतो. हे कळल्यावर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मग मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक. टीआरडी ऑफ-रोडला तो कारखान्यातूनच येतो, एसआरला नाही. बाहेरचा बसवायचा तर अ‍ॅक्सल उघडा, कॉम्प्रेसर लावा, वायरी ओढा. उघडलंच आहे आणि टायरही मोठे झालेत, तर गिअरही बदलून घेऊ. फोर-व्हील ड्राइव्ह म्हटल्यावर मागचे बदलले की पुढचेही आले. एका लॉकपायी अर्धी गाडी जमिनीवर पसरली होती आणि भाऊजींच्या चेहऱ्यावर बारशाचा आनंद होता.

काढलेला माल गॅरेजात आहे. "विकायचाय," असं ते दर दिवाळीला म्हणतात. पण एसआरची लोखंडी चाकं ज्याला कुणाला हवी असतात, त्याच्याकडे ती आधीच असतात. ताईने चारही एकावर एक रचून वर तुळशीची कुंडी ठेवली आहे.

या गाडीला मागची सीट नाही. आई आली तेव्हा ती पुढे बसली आणि ताई आपल्या जुन्या कॅमरीतून मागोमाग. गाडी इतकी उचललेली, की चढताना आईच्या पायाखाली पाट ठेवावा लागला. भाऊजींनी जुनं-नवं सगळं समजावून सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधीची चाकं खराब निघाली होती का हो?"

मात्र गाडीतलं त्यांना कळतं, यात शंका नाही. ओसिआनो ड्यून्सच्या वाळूत एक कोरी टीआरडी प्रो पोटापर्यंत रुतली होती. भाऊजींचे डोळे चमकले. रुतलेल्या गाड्या ओढणारी विंच कधीची वाट पाहत होती! पण माणूस सच्चा. आधी त्यांनी त्या गाडीच्या टायरातली हवा पस्तीस पीएसआयवरून अठरावर आणली, थोडी वाळू उपसली, आणि ती आपली आपण बाहेर आली. मालकाने हात जोडले. भाऊजी परतीच्या वाटेवर गप्प होते. विंच अजून कोरी आहे.

तुमच्या घरात कुणी असं 'बेस' मॉडेलच्या नादाला लागलं असेल, तर भांडू नका. दोनच गोष्टी सांगा. लॉक कारखान्याचाच घ्या. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडी किती वजन पेलेल याचं स्टिकर असतं, ते बंपर, विंच, तंबू नि फ्रिज मागवायच्या आधी वाचा, कारण त्या आकड्यात माणसंही धरलेली असतात. भाऊजींच्या गाडीत आता भाऊजी, ताई आणि दशम्यांचा डबा एवढंच बसतं.